इंदूरची माती, कॅनडाची कुंडी

जम्मूजवळ चट्ठा येथे सीएसआयआरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनचे एक एकराचे संरक्षित क्षेत्र आहे. तिथे गांजाची झाडे वाढतात, आणि ती सरकारी परवान्याने. कॅनडातील एका कंपनीच्या भागीदारीत चालणाऱ्या या प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रीय विज्ञान राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी भेट दिली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. कर्करोगातील वेदना, अपस्मार, औषधांची निर्यात असे विषय त्यांत होते. अशा बातम्यांत टीएचसी आणि सीबीडी या दोन रसायनांचे प्रमाण हमखास येते; झाड ज्यात उभे आहे त्या मातीचा उल्लेख सहसा येत नाही. औषधी वनस्पतीच्या बाबतीत ही उपेक्षा परवडणारी नाही, असे मानण्यास सबळ कारणे आहेत.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार भारतात गांजाची विनापरवाना लागवड हा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गच्चीवरची किंवा खोलीतली कुंडी त्याला अपवाद नाही. वैद्यकीय व वैज्ञानिक कामासाठी मात्र याच कायद्याने दार उघडे ठेवले आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला १९६१ च्या करारातील सर्वांत कडक अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते. म्हणजे हा विषय आता प्रयोगशाळेचा झाला आहे, आणि प्रयोगशाळेत शिरणारी प्रत्येक वस्तू तपासून घ्यायची असते. माती हीदेखील त्यांपैकी एक.

कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. तिथल्या आणि अमेरिकेतील बंदिस्त लागवडीत आज दोन पंथ दिसतात. एका पंथात झाड निर्जीव माध्यमात उभे असते आणि त्याला ठिबकद्वारे रासायनिक अन्नद्रावण मिळते. दुसरा पंथ ‘जिवंत माती’चा. यात माध्यमाचे ढोबळ तीन समान वाटे असतात: एक पाणी धरून ठेवणाऱ्या पीटचा किंवा कोकोपीटचा, एक हवा खेळती ठेवणाऱ्या परलाइट, प्युमिस अथवा भाताच्या तुसांचा, आणि एक उत्तम कंपोस्ट किंवा गांडूळखताचा. त्यात निंबोळी पेंड, समुद्रशेवाळाची भुकटी, खेकड्याच्या कवचांचा चुरा, जिप्सम आणि बेसाल्टची भुकटी मिसळतात. पीट आम्लधर्मी असल्याने त्याला चुना लागतो, कोकोपीटला तो फारसा लागत नाही. हे मिश्रण लगेच वापरत नाहीत. ओलसर ठेवून तीन-चार आठवडे मुरू देतात. ताज्या पेंडी कुजताना उष्णता आणि अमोनिया निर्माण होतो, आणि कोवळी मुळे त्यात होरपळतात. उकिरड्यातले ताजे शेणखत थेट रोपाच्या बुडाशी न घालणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीही नवीन वाटणार नाही.

खरे कौशल्य मात्र त्यानंतरच्या देखभालीत आहे. पीक निघाल्यावर माती फेकून देत नाहीत, उकरतही नाहीत. खोड जमिनीलगत कापून मुळे आत कुजू देतात; त्यांनी केलेल्या पोकळ्या पुढच्या रोपाच्या मुळांना वाट होतात. वर आच्छादन, त्यावर गांडूळखताचा पातळ थर, मध्यंतरी क्लोव्हरसारखे द्विदल पीक, आणि पाणी इतकेच की वाफसा मोडू नये. माती वाळली तर सूक्ष्मजीव सुप्तावस्थेत जातात, चिंब झाली तर मुळांचा श्वास कोंडतो. लहान कुंडीत हा तोल फार लवकर ढळतो, म्हणून जाणकार उत्पादक मोठ्या पिशव्या किंवा सलग वाफे पसंत करतात.

आत जे घडते ते मृदाजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. जिवाणू आणि बुरशी सेंद्रिय पदार्थ विघटित करून नत्र स्वतःच्या देहात साठवतात. आदिजीव आणि सूत्रकृमी त्यांना खातात, आणि गरजेपेक्षा अधिक झालेले नत्र अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात. मुळांना ते तिथल्या तिथे मिळते. मायकोरायझा बुरशी मुळांची पोहोच वाढवून स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात साखर घेते. स्फुरद भरमसाट असेल तर झाड हा सौदाच करत नाही. कित्येक हौशी उत्पादक एका हाताने महागडी मायकोरायझाची पूड घालतात आणि दुसऱ्या हाताने हाडांचा चुरा ओततात, तेव्हा त्या पुडीचे पैसे पाण्यात गेलेले असतात. कंपोस्टच्या ‘चहा’बद्दलचे दावेही जपूनच घ्यावेत, त्यांचे पुरावे आजवर विस्कळीत आणि परस्परविरोधी राहिले आहेत. आपल्याकडील जीवामृताची चर्चाही याच वळणावर अडकते: श्रद्धा भरपूर, नियंत्रित चाचण्या थोड्या.

हा पंथ आज परदेशी दिसतो, परंतु त्याची एक ठळक वाट इंदूरहून जाते. १९०५ पासून पुसा येथे काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला आले. तिथल्या संस्थेत काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, ते ठराविक अंतराने परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली गेली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. १९३१ मध्ये तिच्यावर निघालेल्या पुस्तकावर दोन लेखकांची नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिले नाव जगाने लक्षात ठेवले. दुसरे मराठी वाचकांच्याही कानावर क्वचितच पडले असेल. हॉवर्ड यांच्या विचारांनी भारावलेल्या रोडेल यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले, आणि तिथल्या परसबागांतून फिरत फिरत ही परंपरा बंद खोलीतल्या दिव्यांखाली पोहोचली. मिश्रणातली निंबोळी पेंड तर सरळ इथलीच. तिच्यातील घटक नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावतात, हे भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अभ्यासले होते, आणि देशातील युरियाला २०१५ पासून निमाचे आवरण बंधनकारक झाले ते याच गुणामुळे.

आता आक्षेपांकडे वळू. औषधनिर्माणाला एकसारखेपणा हवा असतो; जिवंत माती दर महिन्याला थोडी वेगळी असते. हा आक्षेप खरा आहे. दुसरा त्याहून गंभीर. गांजाचे झाड मातीतील जड धातू शोषून घेण्यात पटाईत आहे. चेर्नोबिलजवळच्या दूषित जमिनीवर हेंपची लागवड करून पाहिली गेली ती त्यामुळेच. रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असू शकते, काही समुद्रशेवाळांत आर्सेनिक, बेसाल्टच्या भुकटीत निकेल आणि क्रोमियम. भारताच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखतासाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम, तर शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. शेतात टनावारी मातीत मिसळणाऱ्या खतासाठी ती ठीक असेल. ज्या कुंडीचा तिसरा हिस्साच खताचा आहे आणि जिचे पीक रुग्णाच्या शरीरात जाणार आहे, तिच्यासाठी ती फारच सैल आहे. शिवाय प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या कर्करुग्णाला अस्परजिलस बुरशीचे बीजाणू घातक ठरू शकतात. ‘सेंद्रिय म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण इथे साफ कोसळते, आणि जिवंत मातीच्या समर्थकांनी ते आपणहून टाकून द्यावे.

समर्थकांचा आणखी एक आवडता पुरावाही तपासून घेण्यासारखा आहे. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी एकाच जनुकीय वाणाची झाडे दोन प्रकारे वाढवून तुलना केली. उघड्यावर जिवंत मातीत वाढलेल्या झाडांत टर्पिनची विविधता आणि मात्रा अधिक, तर विघटित झालेली कॅनाबिनॉइड्स कमी आढळली. समाजमाध्यमांवर याचा अर्थ ‘मातीचा विजय’ असा लावला गेला. पण त्या प्रयोगात माती आणि सूर्यप्रकाश दोन्ही एकदम बदलले होते. श्रेय कोणाचे, हे त्यावरून सांगता येत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने वर्गात चर्चेला घ्यावे असे हे उदाहरण आहे.

तरीही या पद्धतीवर भारतात पैसा आणि वेळ खर्च व्हावा, याचे कारण कोकोपीट. पीट दलदलींतून उपसले जाते; जगाच्या जमिनीच्या सुमारे तीन टक्के भागावरील या दलदली मातीतील कार्बनचा जवळपास एक तृतीयांश साठा सांभाळतात. त्याला पर्याय ठरणारा काथ्याचा भुसा केरळ-तमिळनाडूत डोंगरांनी साठतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात २०१७ मध्ये गांजाला सेंद्रिय खत किती द्यावे याचा अभ्यास झाला, तो काथ्यावर आधारित माध्यमातच. खत वाढवल्यावर उत्पादन वाढले, पण टीएचसीची तीव्रता खाली आली. माध्यम आपल्या किनाऱ्यावरचे आणि ज्ञान मात्र आयातीचे, अशी ही स्थिती आहे. कच्च्या काथ्यात सोडियम आणि क्लोराइड असते, कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या पुढे जाते, आणि निचरा नसलेल्या कुंडीत क्षार पिकामागून पीक साचत राहतात. अळिंबीच्या बुरशीने काथ्या कुजवण्याचे तंत्र कॉयर बोर्डाकडे आहे. औषधी दर्जाच्या मातीपर्यंत ते नेण्याचे काम उरले आहे.

विजेचा हिशेबही आहे. अमेरिकेतील बंदिस्त लागवडीत एक किलो वाळलेल्या फुलामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे २०२१ च्या एका अभ्यासात आढळले. त्यातला मोठा वाटा वातानुकूलन आणि दिव्यांचा. माती बदलून तो हटणार नाही. कोळशावर चालणाऱ्या देशाने बंद खोलीचे संपूर्ण प्रतिमान उचलण्याआधी हरितगृहाचा विचार करावा, एवढे त्यातून निश्चित निघते.

यात गांजापलीकडचाही प्रश्न गुंतलेला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका बारा घटक तपासते: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. सेंद्रिय कर्ब सोडला तर मातीच्या जिवंतपणाकडे बोट दाखवणारे त्यात काही नाही. मातीचा श्वसनदर नाही, सूक्ष्मजीवांचे वस्तुमान नाही, विकरांची क्रियाशीलता नाही. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिचे यश कशाने मोजणार, हा प्रश्न रास्त आहे. बंदिस्त, परवानाधारक हरितगृह ही अशा मोजमापांची पद्धत घडवण्यास उत्तम जागा आहे, कारण तिथे पाऊस, शेजारचे शेत आणि मजुरांची घाई यांपैकी काहीच मध्ये येत नाही.

प्रयोग अवघड नाही. एकाच मातृवृक्षाची छाटकलमे, एकच हरितगृह, एकच प्रकाश. निम्म्या वाफ्यांत कोकोपीट आणि अन्नद्रावण, निम्म्यांत मुरलेली जिवंत माती. दर पिकाला कॅनाबिनॉइड्स, टर्पिन, कॅडमियम, शिसे, बुरशीचे बीजाणू, पाणी, वीज आणि मातीचा श्वसनदर यांची नोंद घेऊन ती सर्वांना खुली करावी. मात्र एका पिकावर निकाल देऊ नये. पहिल्या हंगामात जिवंत माती मागे पडण्याचा संभव बराच आहे, आणि क्षारांचा साठा दिसू लागायलाही दोन-तीन पिके जातात; म्हणून किमान पाच पिके त्याच मातीत घ्यावीत, आणि निधी मंजूर करतानाच तो पाचव्या पिकापर्यंत पुरेल एवढा करावा.