जुन्या यंत्रांस तेल कोणतें?

आपल्याकडे पुष्कळ घरांत एखादें जुनें शिवणयंत्र कोपऱ्यांत झांकून ठेविलेलें आढळतें. त्यानें एके काळीं घरच्यांचे कपडे शिविले, मुलांच्या फीचाही भार वाहिला. पुढें चाक अडकलें आणि तें भंगारवाल्याची वाट पाहूं लागलें. आमचें मत असें आहे कीं, अशीं कित्येक यंत्रें मोडलेलीं नसून केवळ अडकलेलीं असतात. आणि त्यांचा घात गंजापेक्षां आपल्या उतावीळपणानेंच अधिक होतो.

गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापितो. म्हणून गंजलेला स्क्रू आपल्या आट्यांत घट्ट आवळला जातो. अशा वेळीं हातोड्याचा घाव घातल्यास ओतीव लोखंड तडकतें. येथें झिरपणारें पातळ तेल कामास येतें. दिव्याची वात जशी तेल ओढून घेते, तशीच बारीक फट हें तेल ओढून घेते; मात्र त्यास वेळ द्यावा लागतो. थोडे थेंब सोडावे, हलकेच ठोकावें, रात्रभर तसेंच ठेवावें व सकाळीं पुनः थेंब सोडावे.

परंतु गंज सोडविणें निराळें व यंत्र चालतें ठेवणें निराळें. प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हें १९५३ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें मुख्यतः पाणी हटवून गंज रोखण्याकरितां तयार झालें. त्यांतील द्रावक उडून जातो व मागें पातळ थर तेवढा उरतो. सतत घांसणाऱ्या भागांस तेवढ्यानें भागत नाहीं. म्हणून यंत्र मोकळें होतांच तें पुसून, प्रत्येक छिद्रांत शिवणयंत्राच्या खास हलक्या तेलाचे एक-दोन थेंब घालावे.

हाताशीं आहे म्हणून खोबरेल किंवा गोडें तेल घालण्याची खोड मात्र सोडावी. खोबरेल थंडींत थिजतें. गोडें तेल हवेनें चिकट होऊन धूळ धरितें.

कोणी म्हणेल, नवें यंत्र मिळत असतां हा खटाटोप कशाला? दांते झिजले असतील वा ओतकाम फुटलें असेल, तर तेलाचा इलाज नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जुनें यंत्र स्क्रू काढून उघडतां येतें व त्याची चाल डोळ्यांनीं पाहतां येते. मुलांस याहून स्वस्त प्रयोगशाळा कोठें मिळणार?

तरी पालकांस विनंती कीं, भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं त्या यंत्रास तीन रात्री द्याव्या. विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांसमक्ष, खिडक्या उघड्या ठेवून व विस्तवापासून दूर करावें. कारण हीं तेलें पेट घेतात. चाक फिरलें तर घरास यंत्र मिळेल. न फिरलें तरी तें कां फिरत नाहीं हें मुलांस उमगेल.