५२५ पटींची दुर्बीण

मंडळी, परवा नातवाची नवी दुर्बीण आली. खोक्यावर ठळक छापलेलं, ५२५ पट! पोरगा त्या आकड्यावरच भुलला. मास्तरकीची खोड, मी त्याला भागाकार करायला बसवलं. वस्तुभिंगाचं नाभीय अंतर ७०० मिमी. त्याला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. २५ मिमीचा आयपीस लावला तर २८ पट, १० चा तर ७०, ४ चा तर १७५. त्याला तिप्पट करणारं बार्लो भिंग जोडलं की झाले ५२५.

गणित बरोबर, पण भिंगाचा व्यास जेमतेम ७० मिमी. व्यासाच्या दुपटीपुढे, म्हणजे १४० पटींनंतर, प्रतिमा नुसती मोठी नि पुसट होते. गच्चीवर ५२५ पटींतून गुरूचा थरथरता डाग दिसला. पोराचं तोंड उतरलं. मग २५ चा आयपीस लावला, तर गुरूचे चार चंद्र ओळीत!

पैसे घालायचेच तर ते एका चांगल्या प्लॉसल आयपीसवर आणि न डगमगणाऱ्या ट्रायपॉडवर घालावेत, असं माझं मत. अमावास्येला भंडारदऱ्याला जायचा बेत आहे. कृत्तिका पाहायला तिथे २८ पटच हवेत, ७० पटींत त्या मावत नाहीत.

खोक्यात आयपीसला लावायची काळी सौर काचही होती. एकवटलेल्या उन्हाने ती तडकली की डोळा गेलाच. सूर्य पाहायचा तर गाळणी दुर्बिणीच्या तोंडावरच हवी. ती काच मी नातवादेखत हातोडीने फोडली. सूनबाई म्हणाली, "बाबा, पैसे मोजलेत हो तिचे!"