बोटुकल्यांचा आकडा आणि पाण्याची पत

महाशीर माशाच्या संवर्धनाची चर्चा बहुधा किती बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडल्या या आकड्यापाशी थांबते. परंतु खरे कौशल्य त्याआधीच्या काही आठवड्यांत पणाला लागते. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महाशीरचे कृत्रिम प्रजनन होत आले असून, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या अभ्यासाने त्याचा पाया घातला. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखाच्या वर अंडी घालते, तर महाशीरची काही हजारच. त्यामुळे येथे प्रत्येक पिल्लाला किंमत असते. अंडी जड असल्याने तळाशी बसतात आणि त्यांवरून सतत स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी वाहते ठेवावे लागते. बाहेर आलेला डिंभ, म्हणजे पोटाशी पीतकाची शिदोरी असलेले अपक्व पिल्लू, उजेड टाळून कोपऱ्यात दाटीने पडून राहतो. रोहूचे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास खाऊ लागते. महाशीरचे पीतक त्याहून बरेच जास्त दिवस पुरते, आणि ते संपत आले की प्राणिप्लवक (पाण्यातील सूक्ष्म जीव) किंवा उकडलेल्या अंड्याचा गाळलेला बलक थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्यावा लागतो. उशीर झाला तर पिल्ले उपाशी मरतात; घाईने जास्त घातले तर उरलेला बलक कुजून पाणी बिघडवतो, आणि नवशिक्यांच्या हातून बहुधा हेच दुसरे घडते.

हे तंत्र साधले, पण त्याच्या यशाची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. हीच जात कावेरीत सोडली गेली, तेथे ती फोफावली आणि मूळच्या कुबडधारी महाशीरला तिने मागे सारले. कुबडधारी महाशीर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणजे एका जातीचे उत्तम संगोपन चुकीच्या नदीत गेले की दुसऱ्या जातीवर बेतते.

मुंबईत कांजूरमार्गच्या पश्चिमेस, १८९१ च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावाच्या बाबतीतही मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ करणे सोपे आहे. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ग्रासलेल्या या पाण्यात प्राणवायूवर जगणाऱ्या नाजूक पिल्लांचा निभाव लागणे कठीण (छायाचित्रापुरती ती जिवंत असली, तरी). महापालिकेने आधी तलावात येणारी गटारे रोखावीत, कोणती जात येथे योग्य आहे हे मत्स्यशास्त्रज्ञांकडून तपासून घ्यावे आणि मगच बोटुकल्यांच्या पिशव्या उघडाव्यात.