ॲव्हरेज किती देते?

आपल्या माणसाला दुसऱ्याच्या खिशात डोकावायचं असलं, तर तो पगार विचारत नाही, "गाडी ॲव्हरेज किती देते?" असं विचारतो. पगाराचा आकडा माणूस कमी करून सांगतो, ॲव्हरेजचा वाढवून. मी वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे आणि लोकांचे उत्पन्नाचे दाखले तपासण्यात माझी उमेद गेली आहे. तेव्हा अनुभवानं सांगतो, की लोक प्राप्तिकराच्या कागदावर जेवढे नम्र असतात, तेवढेच ॲव्हरेजच्या बाबतीत उदार असतात. दोन्ही आकड्यांची बेरीज केली तर देशाचा ताळेबंद बहुधा जुळत असावा.

या थापांबद्दल माझी तक्रार नाही. खोटं बोलायला माणसाला एखादं तरी निरुपद्रवी क्षेत्र हवं. माझी तक्रार आहे ती पंपनिष्ठेबद्दल. म्हणजे अमुकच कंपनीचं पेट्रोल टाकलं की गाडी पाच किलोमीटर जास्त धावते आणि तमुक कंपनीचं टाकलं की ती सासरी निघालेल्या मुलीसारखी मागे पाहत पाहत चालते, या श्रद्धेबद्दल.

आमच्या शाखेत या श्रद्धेचे तीन पंथ आहेत. हेड कॅशियर भारत पेट्रोलियमचे, फील्ड ऑफिसर हिंदुस्थान पेट्रोलियमचे आणि आमचे शिपाईभाऊ इंडियन ऑइलचे. भारत, हिंदुस्थान, इंडिया. वाचकहो, नावांकडे नीट पाहा. एकाच देशाची तीन नावं घेऊन ही माणसं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातली भाजी खायची बंद होतात! शिपाईभाऊ तर सांगतात, "नाही जी साहेब, त्या नाक्यावरच्या पंपाचं पेट्रोल आपल्या गाडीले मानवतच नाही. टाकलं का खोकलते." जसं काही गाडीला विहिरीचं पाणी बाधलं आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. 'मानवणं' हा प्रकार आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात नव्हता. म्हणून थोडं खोलात जातो.

आधी घराणी पाहू. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर अजून 'बर्माशेल'चं पेट्रोल किती उत्तम असायचं ते सांगतात. ती बर्माशेल सरकारनं १९७६ साली ताब्यात घेतली, तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. १९७४ साली एस्सो गेली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम आली. १९७८ साली कॅलटेक्सही तिच्याच पोटात गेली. एस्सो आपल्या जाहिरातीत तुमच्या टाकीत वाघ घालून द्यायची. हल्ली आमच्या जिल्ह्यात वाघ बघायचा तर बोरच्या जंगलात जावं लागतं, आणि तिथंही तो दिसेलच याची हमी कुठलीच कंपनी देत नाही. इंडियन ऑइल तर पहिल्यापासून सरकारचीच. थोडक्यात, तिघी एकाच आईच्या लेकी. दोघी दत्तक, एक पोटची.

आता माल पाहू. विदर्भात तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही. जे पेट्रोल येतं ते बाहेरून येतं, डेपोत साठतं आणि टँकरनं पंपावर जातं. या कंपन्या एकमेकींचा माल सर्रास घेतात. जिथं हिचा कारखाना किंवा डेपो जवळ, तिथं तिचा टँकर हिच्या दारात भरतो. मुंबईत माहूलला भारत आणि हिंदुस्थान यांचे कारखाने तर शेजारी शेजारी आहेत. एकाच प्रमाणाचा माल पन्नास कोस उगाच फिरवण्यापेक्षा उसनवारी बरी, हे आपल्या घरातल्या बायकांना विरजणाच्या बाबतीत कधीच कळलेलं आहे. प्रमाणही सगळ्यांना एकच: भारतीय मानक ब्यूरोचं, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा. तेव्हा ज्या पेट्रोलसाठी आमचे हेड कॅशियर पंप ओलांडून दोन किलोमीटर पुढे जातात, ते आणि मागे सोडून आलेलं, ही दोन्ही एकाच हौदातून निघालेली असण्याची शक्यता भरपूर आहे. दोन किलोमीटर जाणं आणि दोन येणं यात जे पेट्रोल जळतं, ते मात्र नक्की वेगळं.

"पण आम्ही मोजून पाहिलंय!" असं तुम्ही म्हणाल. तुमचं मोजणंच तपासू या.

वर्धा ते नागपूर, पवनार-सेलू-केळझर-बुटीबोरीवरून, साधारण पंचाहत्तर किलोमीटर. स्कूटर लिटरला पन्नास देते असं धरा. म्हणजे दीड लिटर लागलं. तुम्ही निघताना टाकी 'फुल्ल' केली, पोचल्यावर पुन्हा 'फुल्ल' केली. पण फुल्ल म्हणजे कुठपर्यंत? एका पंपावरचा पोरगा नळी कट झाली की थांबतो, दुसरा "राऊंड फिगर करू का काका?" म्हणत आणखी दोनदा पिळतो. कुठं स्टँडवर गाडी जरा कलती असते. यात शंभर मिलिलिटरचा, म्हणजे एका कटिंग चहाचा, फरक सहज पडतो. तेवढा फरक इकडे पडला तर तुमचं ॲव्हरेज निघेल सत्तेचाळीस, तिकडे पडला तर साडेत्रेपन्न. गाडी तीच, पेट्रोल तेच, रस्ता तोच. आणि एका कटिंग चहात साडेसहा किलोमीटर वाहून गेले! ज्या पाच किलोमीटरवरून आमच्या शाखेत भाजी बंद झाली, ते सगळे या कपात मावतात. शिवाय जाताना वारा पाठीशी होता की तोंडावर, चाकात हवा किती होती, मागे मेहुणा बसला होता की नाही, याची नोंद कोणत्या वहीत आहे? हवा कमी असली तर कुठल्याही कंपनीचं पेट्रोल तुम्हाला वाचवू शकत नाही. ती हवा पंपावर फुकट मिळते. फुकट मिळते म्हणूनच बहुधा तिच्यावर कोणाची श्रद्धा नाही.

असाच दुसरा एक पंथ पहाटे पाचला पेट्रोल भरायला जातो. का, तर थंड पेट्रोल दाट असतं, जास्त मिळतं. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना सहज शिवतो, त्यामुळे ही कल्पना आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. पण पेट्रोलची टाकी असते जमिनीखाली. तिथं पहाट आणि दुपार यांच्यात आमच्या हेड ऑफिसच्या दोन परिपत्रकांत असतो तेवढाच फरक. पहाटे उठणं चांगलंच आहे. पण ते देवासाठी उठावं, पेट्रोलसाठी नको.

मग येतं ते उंची पेट्रोल. स्पीड, पॉवर, एक्सपी ९५. नावं ऐकूनच गाडीनं शेपूट वर करावी. त्यात इंजिन स्वच्छ ठेवणारी औषधं असतात, हे खरं. काहींत ऑक्टेनही जास्त असतो. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोलनं अवेळी पेट घेऊ नये, इंजिनात खटखट होऊ नये, त्या संयमाचं ते माप आहे. ज्या इंजिनाला तेवढा संयम लागतच नाही, त्याला तो पाजणं म्हणजे आमच्या शिपाईभाऊंना योगासनाच्या वर्गाला पाठवणं. ते मुळातच हलत नाहीत. हिशेब सरळ आहे. साधं शंभर रुपये आणि उंची एकशे आठ धरलं, तर पन्नासचं ॲव्हरेज चोपन्न झालं तरच तुमची बरोबरी होते. आणि ते चार किलोमीटर मोजायला आपल्याजवळ माप कोणतं? तोच चहाचा कप.

इथपर्यंत हसून सोडून देता आलं असतं. पण आपण ब्रँडवर भांडत असताना टाकीतला माल खरोखरच बदलला, आणि तो तिन्ही पंथांसाठी एकदमच बदलला. म्हणून तर कुणाच्या ध्यानात आला नाही.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बापू १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिले, त्या पुण्याईला स्मरून १९७०च्या दशकापासून इथं बंदी आहे. (बापू बहुतेक पायीच चालत, त्यांना ॲव्हरेज कुणी विचारलं नाही.) स्कूटरला ज्यांचं नाव देशभर लागलं त्या बजाजांचं गावही हेच. आता याच जिल्ह्यात प्रत्येक स्कूटर रोज अल्कोहोल पिते. २०२२ साली पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला गाठला गेला, २०२५ साली वीस टक्क्यांचा. म्हणजे पाच लिटरात एक लिटर. माणसानं एक घोट घेतला तर पोलीस, गाडीनं एक लिटर घेतलं तर पावती! (हे इथेनॉल पिण्यालायक नसतं, उत्साही वाचकांनी नळीला तोंड लावू नये.)

माझा इथेनॉलला विरोध नाही. परदेशातून आणावं लागणारं तेल वाचतं, ऊसवाल्याला, मकावाल्याला भाव मिळतो, हे सगळं मान्य. आम्ही पडलो कापूस-सोयाबीनवाले. कापसावर गाडी चालत नाही याचं थोडं दुःख आहे, पण तेही सोसू. माझा मुद्दा कारकुनाचा आहे. एका लिटर पेट्रोलात शंभर पैसे शक्ती धरली, तर एका लिटर इथेनॉलमध्ये सहासष्ट पैशांच्या आसपास असते. वीस टक्के मिसळा: ऐंशी अधिक तेरा, झाले त्र्याण्णव. सात पैसे कुठे गेले? वीस टक्क्यांसाठीच जुळवलेलं नवं इंजिन त्यातले बरेचसे वसूल करतं. जुनं करत नाही. हे माझं म्हणणं नव्हे. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात लिहिलं आहे: दहा टक्क्यांपर्यंत जुळवलेल्या जुन्या मोटारींत सहा-सात टक्के घट, दुचाकींत तीन-चार, वीससाठी जुळवलेल्या नव्या मोटारींत एक-दोन. उष्मांक कमी तर भावही कमी असावा, अशी सूचनाही त्यातच होती. २०२५ साली सरकारनं सांगितलं, की आता इथेनॉलच महाग पडतं. असेलही. पण मग तसं पावतीवर का दिसू नये?

आम्ही तुमच्या बचत खात्यातून एसएमएसचे पंधरा रुपये कापले, तर तुम्ही काउंटरवर येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करता. करायलाच हवा, तो तुमचा हक्क आहे. कारण पासबुकात ते छापलेलं असतं. इथं शंभरातले तीन-चार रुपये टाकीतून वजा होतात आणि पासबुकच नाही! देवळीहून रोज वर्ध्याला ये-जा करणारी एखादी नर्स घ्या. दिवसाला चाळीस किलोमीटर, महिन्याला हजार. जुन्या स्कूटरला वीस लिटर. त्यातले चार टक्के म्हणजे महिन्याला ऐंशी, वर्षाला जवळपास हजार रुपये. आणि ती बिचारी दोष देते पंपवाल्याला, मेकॅनिकला, नाहीतर नवऱ्याला.

पंपवाला संत आहे असंही मी म्हणत नाही. पण त्याला तपासायचे रस्ते कायद्यानं दिलेले आहेत. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्राचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. मागितलं की मापून दाखवावं लागतं, आणि पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. घनतेचा आकडाही पाहायला मिळतो. राजेहो, कधी मागितलंय ते माप? आपल्याला पंपावर माप मागायची लाज वाटते आणि चौकात ब्रँडवरून भांडायची वाटत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. भारत, हिंदुस्थान आणि इंडिया यांच्यातलं युद्ध ताबडतोब थांबवा. जो पंप रस्त्यात लागेल, जिथं माप चोख असेल आणि हवा भरायचं यंत्र चालू असेल, तोच आपला. उरलेला जोर एका मागणीवर लावा: या लिटरात पेट्रोल किती, इथेनॉल किती, आणि त्या प्रमाणात भाव किती, हे प्रत्येक पावतीवर छापा. औषधाच्या बाटलीवर छापतात, बिस्किटाच्या पुड्यावर छापतात; शंभर रुपयांच्या लिटरवर छापायला शाई पुरत नाही असं तर नाही ना?

हे मी शाखेत सांगितलं तेव्हा तिन्ही पंथ प्रथमच एका मुद्द्यावर एकत्र आले. हेड कॅशियर म्हणाले, "हे बरोबर आहे." फील्ड ऑफिसर म्हणाले, "अर्ज करायला पाहिजे." शिपाईभाऊंनी तर कोरा कागदच आणून ठेवला. अर्ज लिहून तयार आहे, सह्या चालू आहेत. तूर्त तीन झाल्या आहेत. पत्ता कोणत्या खात्याचा घालायचा यावर मात्र पुन्हा तीन पंथ पडले आहेत.