एक तार, दोन वाटा : रेडिओ आणि टीव्ही



कांदा निवडताना आपण मोठा माल एकीकडे काढतो आणि गोल्टी एकीकडे. दोन्ही एकाच गोणीत भरले तर व्यापारी गोल्टीकडे बोट दाखवून सगळ्या मालाचा भाव पाडतो. घराच्या छतावरून खाली येणाऱ्या तारेचेही तसेच आहे. त्या एका तारेतून टीव्ही आणि एफ. एम. रेडिओ दोन्ही आणता येतात. मात्र खाली आल्यावर त्यांची नीट निवड झाली पाहिजे, नाहीतर चित्रही बिघडते आणि आवाजही.

छत्री असताना रेडिओ कशाला, असे कोणी विचारील. आण्याच्या पठारावर पाऊस कमी, पण येतो तेव्हा वळवाचा, विजांसह आणि कधी गारा घेऊन. छत्रीवर उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात. पावसाचे दाट थेंब त्या शोषून घेतात आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. कांदा झाकायचा की नाही हे ठरवायच्या घडीलाच बातमी बंद होते! एफ. एम. ची लहर सुमारे तीन मीटर लांब असते. पावसाचा तिच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. शिवाय रेडिओ सेलवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही.

अडचण एवढीच की एफ. एम. च्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. टेकडीच्या आडोशाला किंवा दरीत असलेल्या घरात रेडिओची दांडी कितीही फिरवली तरी खरखर जात नाही. अशा घरी छतावर एरियल लावावी. दुमडलेल्या दांडीची, सुमारे दीड मीटर म्हणजे पाच फूट रुंदीची आणि ७५ ओहमच्या तारेला जुळणारी एरियल मागावी. पुणे आपल्या दक्षिण-नैर्ऋत्येला आहे. एरियलची दांडी त्या दिशेला आडवी धरावी आणि पुणे आकाशवाणीचे १०१ मेगाहर्ट्झ लावून, कानाने ऐकत, आवाज स्वच्छ येईपर्यंत थोडी थोडी फिरवावी.

आता मुख्य गोष्ट. एरियलची दुसरी तार घरात आणायला नको म्हणून काही जण छत्रीच्या तारेलाच ती सोलून पीळ देतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. हे कधीही करू नये. कारणे तीन. पहिले, त्या तारेतून नुसत्या लहरी खाली येत नाहीत. सेट-टॉप बॉक्स तिच्यातूनच १३ ते १८ व्होल्टचा वीजपुरवठा छत्रीच्या तोंडाशी पाठवतो. दुमडलेल्या दांडीची एरियल म्हणजे धातूची बंद कडी. पीळ दिला की त्या कडीतून शॉर्ट होते आणि बॉक्स बंद पडतो. दुसरे, पिळाच्या जागी लहरी मागे परततात आणि चित्राचे तुकडे पडतात. तिसरे, सोललेल्या जागेतून तारेत पाणी शिरते आणि एका पावसाळ्यात आतली जाळी गंजते.

यावर उपाय आहे डायप्लेक्सर नावाची काडेपेटीएवढी डबी. तिच्यात चाळणीचेच तत्त्व आहे. छत्रीकडून तारेत उतरणारा माल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, एफ. एम. चा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. दोन्हींत एवढे अंतर आहे की डबी त्यांना सहज वेगळे करते. अशा दोन डब्या लागतात. एक छतावर लावावी. तिच्या 'सॅट' तोंडाला छत्री जोडावी, 'टीव्ही' किंवा 'अँट' तोंडाला एफ. एम. एरियल. दोन्हींचा माल एका तारेने खाली येतो. घरात दुसरी डबी उलटी जोडावी. तिच्या 'सॅट' तोंडातून बॉक्सला आणि दुसऱ्या तोंडातून रेडिओला तार द्यावी. वीज फक्त 'सॅट' वाटेने जाणारी डबी आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावे. रेडिओला एरियलचे भोक नसेल तर तारेतली मधली तांब्याची तार चिमट्याने दांडीला लावावी. बाहेरच्या जाळीला ती टेकू देऊ नये.

दुकानदार कधी कधी स्प्लिटर देतो. दिसायला तो सारखाच, पण त्याचे काम वेगळे. स्प्लिटर मालाची निवड करीत नाही, नुसते वाटे पाडतो. दोन तोंडांचा असेल तर प्रत्येक वाट्याला निम्म्याहून कमीच जोर येतो.

ज्यांच्या घरी केबलवाल्याची तार आहे त्यांनी आपली एरियल तिला मुळीच जोडू नये. ती तार साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झचा माल आणते, म्हणजे एफ. एम. चा पट्टा तिच्या पोटातच आला. तिथे आपला माल घातला तर टक्कर होते, आणि गळती मागे जाऊन शेजाऱ्याचेही चित्र बिघडू शकते. अशा घरी रेडिओची तार वेगळीच ठेवावी.

आपल्या भागात आणखी एक शेजारी आहे. पठाराखाली खोडदला पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी त्या टिपतात. रेडिओच्या दृष्टीने शांत मुलूख म्हणूनच ही जागा निवडली गेली. तमाशाच्या तंबूत माईक कर्ण्याजवळ गेला की शिट्टी वाजते, हे नारायणगाव परिसरात कोणाला सांगायला नको. बूस्टरचेही तसेच होते. सैल जोडणीमुळे त्याचा बाहेर जाणारा माल परत आत शिरला की तो स्वतःच प्रक्षेपक बनतो आणि दुर्बिणीच्या कानात ओरडतो. म्हणून गरज नसताना बूस्टर लावू नये. लावला तर जोडण्या घट्ट ठेवाव्यात, तार जाळीदारच वापरावी आणि जुनाट, न वापरातला बूस्टर बंद करून काढून टाकावा. घरचे चित्रही त्यानेच सुधारते.

शेवटी विजेची काळजी. उघड्या पठारावर उंच खांब म्हणजे विजेला आमंत्रण. खांबापासून जाड तार जमिनीत पुरून अर्थिंग करावे. गडगडाट दूर असतानाच छतावरची तार रेडिओपासून आणि बॉक्सपासून काढून ठेवावी. वीज डोक्यावर आल्यावर तारेला हात लावू नये. त्या वेळी रेडिओ त्याच्या स्वतःच्या दांडीवर, सेलवर लावावा. आवाज थोडा खरखरला तरी हवामानाची बातमी कळेल.