जुना संगणक बदलायचा की झटकायचा?

‘विंडोज १०’चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि अनेक घरांतला चालता संगणक ‘जुना’ ठरला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१८पासूनचा प्रोसेसर लागतो. मग नवा घ्यावा, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घ्यावा?

एरवी जोडून घेणे स्वस्त पडे. ते गणित बिघडले आहे. मेमरी चिप एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्याने रॅम, एसएसडी महागल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. तयार संगणकातही हीच मेमरी असते.

म्हणून आधी आहे तोच उघडा. पंख्यातली धूळ काढा, नको ती सॉफ्टवेअर हटवा. जुनी हार्ड डिस्क असेल तर २५६ जीबीची एसएसडी बसवा. महाग झाली तरी फरक पहिल्याच दिवशी कळतो. नोंदणी केल्यास घरगुती वापरकर्त्यांना ‘विंडोज १०’चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. बँकेचे व्यवहार त्यावरच होत असतील तर ती टाळू नका. पुढे लिनक्स मिंट मोफत आहे, पण त्यावर टॅली थेट चालत नाही.

मदरबोर्डच गेला असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या. जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. बिले जपून ठेवा.