मातीच्या बैलाचा बाप कोण?

'लोककला' हा शब्द मला शिवीसारखा लागतो. लोककला म्हणजे काय? तर जिच्या कर्त्याचं नाव विचारायची गरज कुणाला वाटली नाही ती. चित्रकाराचं चित्र त्याच्या नावानं विकतं. कुंभाराचा बैल नुसता मातीचा.

मी बीडकडचा. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते, दिंड्या येतात. त्या डोंगराच्या कडेच्या गावचा मी. आता मुंबईच्या गोदीत माल उचलतो. आमच्याकडं पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल, तो बैल मिरवतो. ज्याला जमीन नाही, दावण नाही, तो मातीची जोडी पाटावर मांडून पुजतो. आमची जोडी कायम मातीची. म्हंजे ती काय शोभेची वस्तू नव्हती. नसलेल्या जमिनीचा सातबारा होता तो.

आजी सांगायची, कुंभारीण बैल हातात देत नसे. ओट्याच्या कडेला ठेवी, आजी उचली. दाणेही आजी लांबूनच टोपलीत ओती. दोघी बलुत्यावर जगणाऱ्या, दोघींच्या वाट्याला खळ्यावरचं उरलंसुरलं. तरी एकीनं दुसरीचा विटाळ मानला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. आजीला तिचं नाव ठाऊक नव्हतं, तिला आजीचं. व्यवस्थेला हेच पायजे असतं.

हे आजकालचं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर. तिथं जमिनीतून भाजल्या मातीच्या मूर्ती निघाल्या. तिथल्याच लामतुरे संग्रहालयात त्या काचेमागं उभ्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की तगरचा माल गाड्यांनी भडोच बंदरात जाई. राजघराण्याचं नाव कळतं, बंदराचं कळतं. मूर्ती कुणी घडवली, गाठोडं कुणी वाहिलं, यावर सगळे चिडीचूप. या दोन रिकाम्या जागांतली एक माझी आहे.

कुणी म्हणेल, गरिबाच्या हातचं जगभर असंच असतं. नसतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत प्वेब्लो आदिवासींची गावं आहेत. तिथल्या बाया चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडी करतात, हातानं मूर्ती घडवतात, शेणाच्या आगीत भाजतात. एकोणिसाव्या शतकात कोचिटी गावच्या कारागिरांनी गोऱ्या पाद्र्यांची, व्यापाऱ्यांची टिंगल करणाऱ्या मूर्ती केल्या. गोऱ्या जाणकारांनी त्यांना प्रवाशांना खपवायची किरकोळ खेळणी ठरवलं. त्याच गावच्या हेलन कॉर्डेरोनं १९६४ साली गोष्ट सांगणारा म्हातारा घडवला, अंगाखांद्यावर पोरं घेतलेला. तो तिचा आजा, सांतियागो क्विंताना. ती मूर्ती तिच्या नावानं जगभर गेली. १९८६ साली अमेरिकेच्या सरकारी कला संस्थेनं तिला राष्ट्रीय सन्मान दिला. १९९० च्या कायद्यानं आदिवासींच्या हातचा म्हणून नकली माल विकणं गुन्हा ठरवलं.

मला गोऱ्यांच्या बाजाराचं कौतुक नाही. मोठी मूर्ती कर, पोरं जास्त घाल, असं तिला सांगणारा संग्राहक गोराच होता. जमिनी गिळल्या त्यांनीच, पैसे मोजले त्यांनीच. पण नाव असलं की भाव मागता येतो, नक्कल अडवता येते. पुढची पोर छातीठोक म्हणते, हे माझ्या आजीचं. आपल्याकडं साच्यातला प्लास्टरचा बैल बाजारात आला, कुंभाराचा भाव पडला, तेव्हा भांडायला कुणाचं नाव होतं?

म्हणून सांगतो. पोळ्याला बैल घेताना घासाघीस करू नका, नाव विचारा. बैलाच्या पोटाखाली, माती ओली असतानाच, करणारीनं काडीनं आपलं नाव कोरावं. लिहिता येत नसेल तर आपण शिकवू. विटाळाचा हिशेबही तिथंच मिटवू. बैल तिच्या हातातून आपल्या हातात घ्यायचा. ओट्यावरून उचलायचा नाही.